वाचकांचे प्रश्न : घड्याळाशी शर्यत, सपाटीवर आणि चढावर

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांची एकाच विषयावरची बरीच पत्रं साठली आहेत. रोजच्या वापरातली गाडी घेऊन स्प्रिंट किंवा हिलक्लाइंबला उतरायचं, तर सुरुवात कशी करावी? त्यांतली काही निवडक पत्रं आणि पुण्याहून आलेलं एक पत्र इथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे २००८ ची माझदा एमएक्स-५ आहे. पंधरा-वीस गाड्यांच्या गर्दीत घुसून शर्यत करायची माझी तयारी नाही, पण मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं जोरात चालवून बघायचं आहे. स्प्रिंट आणि हिलक्लाइंब यांत फरक काय? गाडीत आधी काय काय बसवावं लागेल?
(स्लाव)

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : जवळजवळ काही नाही. कंपनीनं बनवलेल्या, रस्त्यावर चालवता येणाऱ्या गाड्यांसाठी वेगळे गट असतात आणि त्यांत तुमची एमएक्स-५ आहे तशी बसते. तिचा टॅक्स, विमा आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) चालू हवी. नवखे लोक पहिल्याच हिवाळ्यात सस्पेन्शन, एक्झॉस्ट आणि रेसिंग सीटवर पैसे घालतात. मग गाडी सुधारित गाड्यांच्या गटात जाते आणि तिथे त्यांची गाठ दहा-दहा वर्षं मुरलेल्या लोकांशी पडते. पहिला मोसम गाडी आहे तशीच चालवा.

दोन्ही प्रकारांत शर्यत घड्याळाशी असते. स्प्रिंट साधारण सपाटीवर होते, गुडवुडसारख्या सर्किटवर किंवा लिचफील्डजवळच्या कर्बरोसारख्या खास स्प्रिंटसाठी बांधलेल्या छोट्या ट्रॅकवर. सर्किट लांब असेल तर पुढची गाडी पोचण्याआधी मागची सोडतात, पण मध्ये भरपूर अंतर ठेवून. हिलक्लाइंब म्हणजे एखाद्या खासगी जमिनीतला अरुंद, चढा रस्ता. तो खासगी असण्यामागे इतिहास आहे. १९२५ साली बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिल इथे एक गाडी प्रेक्षकांत घुसली, एकाचा पाय मोडला आणि त्यानंतर ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा स्पर्धा बंद झाल्या. शेल्सली वॉल्श आधीपासूनच खासगी जागेत होतं, म्हणून ते टिकलं. वुस्टरशरमधल्या या चढावर १९०५ पासून त्याच रस्त्यावर स्पर्धा होते आहे. लांबी १००० यार्ड, चढ ३२८ फूट. रस्त्यावरची चांगली गाडी तिथे ३५ ते ४० सेकंदांत वर पोचते. एवढ्याशा वेळासाठी माणसं शंभर मैल गाडी हाकत येतात, आणि एकदा वर जाऊन आलात की ती का येतात हे तुम्हालाही कळेल.

नवख्यानं कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर आमचं मत स्प्रिंटच्या बाजूचं आहे. कर्बरोत चूक झाली तर गाडी बहुधा गवतात जाते. हिलक्लाइंबला रस्त्याच्या कडेला बांध, झाडं किंवा लोखंडी कठडा असतो. मात्र प्रेस्कॉट, शेल्सली आणि हेअरवुड या तिन्ही चढांवर नवख्यांसाठी ड्रायव्हिंग स्कूल भरतं. त्यात तोच चढ दिवसभरात अनेकदा चढता येतो आणि प्रत्येक वेळी शिक्षक चूक दाखवून देतात. पैसे सुटणार असतील तर ते आधी तिथे घाला.

कागदपत्रांचा क्रम असा. जवळच्या मोटर क्लबचं सभासदत्व घ्या. ब्रिटनमधल्या मोटरस्पर्धांचं नियमन करणाऱ्या मोटरस्पोर्ट यूकेचं स्पर्धक-लायसन्स ऑनलाइन काढा. क्लब पातळीवरच्या या स्पर्धांसाठी वेगळी ड्रायव्हिंग परीक्षा किंवा वैद्यकीय तपासणी लागत नाही. मग स्पर्धेची नियमपत्रिका उतरवून घ्या आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोणतं लायसन्स चालेल, कोणत्या क्लबांना आमंत्रण आहे, तुमचा गट कोणता आणि आवाजाची मर्यादा किती, हे सगळं त्यात असतं. प्रवेशशुल्क साधारण १०० ते २०० पौंड. नावाजलेल्या चढांवरच्या जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज फॉर्म उघडला की लगेच करा.

दिवसाचा क्रमही आधीच माहीत असलेला बरा. सकाळी साडेसात-आठला गाडीची तपासणी होते, मग ड्रायव्हरांना सूचना देतात, मग बहुतेक ठिकाणी दोन सराव-फेऱ्या आणि दोन मोजलेल्या फेऱ्या. मोजलेल्यांतली चांगली वेळ धरतात. म्हणजे दिवसभराच्या धावपळीत प्रत्यक्ष चालवणं पाच-सात मिनिटांचंच. म्हणून आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे रस्ता पायी चालून या. वर गेलात की मागे वळून बघत उतरा. झाडाखालचा कोणता तुकडा दुपारपर्यंत ओला राहतो, कडेचा कोणता दगड आत आलेला आहे, ब्रेक मारायची खूण म्हणून कोणता खांब धरता येईल, हे गाडीतून दिसत नाही.

प्रश्न : पहिल्याच स्पर्धेत तपासणीला माझी गाडी अडवली. पुढे लावलेली काळी पट्टी चुकीची आहे म्हणाले. ही पट्टी नेमकी कशी हवी? तपासणीत आणखी काय बघतात?
(कॉव्हेंट्री)

त्या पट्टीला टायमिंग स्ट्रट म्हणतात. रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला किरण सोडलेला असतो. पट्टीनं तो तोडला की घड्याळ सुरू होतं आणि वर दुसरा किरण तोडला की थांबतं. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्ही पट्टी नंबरप्लेटसारखी, समोरून रुंद दिसेल अशी लावली होती. हीच चूक सगळ्यात जास्त होते. किरण बाजूनं येतो, म्हणून पट्टीची रुंदी बाजूनं दिसायला हवी.

मापं अशी : उंची किमान २५४ मिलीमीटर, रुंदी ५१ मिलीमीटर, खालची कड जमिनीपासून २०० मिलीमीटरपेक्षा वर नको. रंग काळा आणि मॅट. चकचकीत काळा रंग किरण परतवू शकतो. पट्टी गाडीच्या सगळ्यात पुढे हवी, म्हणजे बंपरची कड किंवा स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली पट्टी) तिच्या आधी किरणात येणार नाही.

घरी करायची तर २ किंवा ३ मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा एल आकाराचा तुकडा घ्या, मॅट काळा स्प्रे मारा आणि टो-आय (गाडी ओढायची कडी) जिथे आटवतात त्या आट्यात बोल्टनं बसवा. प्लॅस्टिकच्या केबल-टायवर भरवसा ठेवू नका. ताशी ९० मैलांना वारा पातळ पट्टी मागे वाकवतो किंवा थरथरवतो. पट्टी फेरीत निघून पडली तर वरच्या टोकाला वेळ बरोबर लागत नाही आणि फेरी फुकट जाऊ शकते. बसवल्यावर हातानं जोरात हलवून बघा. पट्टी हलताना अख्खी गाडी हलली पाहिजे.

तपासनीस जे बघतात, ते तुम्ही आठवडाभर आधी घरी बघू शकता. बॅटरी क्लॅम्पनं घट्ट बसलेली आहे का? बॅटरीच्या अर्थ-वायरवर (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या वायरवर) पिवळी टेप आहे का? इग्निशन बंद कोणत्या दिशेला होतं, हे स्टिअरिंगजवळ स्पष्ट लिहिलेलं आहे का? अपघात झाला तर मार्शलला, म्हणजे रस्त्याकडेला मदतीसाठी उभ्या असलेल्या स्पर्धेच्या माणसाला, तुमची गाडी अनोळखी असते. या दोन खुणा त्याच्यासाठी आहेत, म्हणून त्या मन लावून करा. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल पटकन पूर्ण मिटतो का, हे इंजिन बंद ठेवून पाहा. तेलाची किंवा पेट्रोलची गळती नको. हबकॅप काढा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, डिकीतली स्टेपनी, जॅक, छत्री, मुलांची सीट, सगळं पॅडॉकमध्ये (स्पर्धकांच्या गाड्या उभ्या असतात त्या जागी) उतरवून ठेवा. सुटी मॅट घसरून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

चाकाचे नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचनं आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. दारांवरचे स्पर्धा-क्रमांक घरी जाताना काढायचे किंवा झाकायचे असतात.

प्रश्न : माझं मोटरसायकलचं हेल्मेट महागडं आणि नवं आहे. ते चालेल का?
(मिल्टन कीन्स)

नाही. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ मानकाचं हेल्मेट लागतं. मोटरसायकलचं हेल्मेट रस्त्यावर पडण्याच्या हिशोबानं बनवलेलं असतं. गाडीसाठीच्या मानकात आगीची चाचणी असते, आणि रोल-केजच्या (गाडीच्या आतल्या संरक्षक लोखंडी पिंजऱ्याच्या) नळीसारख्या वस्तूवर एकाच जागी पुन्हा आपटण्याचीही. घेताना मानकाचं सर्वांत अलीकडचं वर्ष बघून घ्या, कारण जुनी मानकं ठराविक काळानं बाद होतात. त्यावर मोटरस्पोर्ट यूकेचं स्टिकर तपासनीस थोडे पैसे घेऊन लावून देतात. अग्निरोधक सूट एफआयए ८८५६ मानकाचा घ्या. सूट जुना चालेल, पण फाटलेला किंवा तेलाचे डाग असलेला नको. हेल्मेट मात्र कधीही जुनं घेऊ नका. आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही.

प्रश्न : हेअरवुडला माझी फिएस्टा सुरुवातीला जागेवरच चाकं फिरवत राहते. शेजारच्या कमी ताकदीच्या एमएक्स-५ मला सुरुवातीलाच मागे टाकतात. शिवाय पुढच्या ब्रेकला रेसिंग पॅड घातले, तरी पहिल्या वळणाला गाडी नीट थांबत नाही. काय चुकतं आहे?
(लीड्स)

पत्र एक, पण दुखणी दोन. दोन्हींचं मूळ मात्र सारखं : हिलक्लाइंबची फेरी एका मिनिटाच्या आसपास संपते आणि ती थंड गाडीनं करायची असते. सर्किटवरचे ट्रॅक-डे (शर्यतीविना हौसेनं गाडी पळवायचे दिवस) बघून घेतलेले सल्ले इथे उलटे पडतात.

आधी सुरुवात. गाडी निघताना वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. चढ असेल तर आणखी हलकी. नऊला एक या चढावर ११०० किलोच्या गाडीला साधारण १२० किलो भाराइतकी ओढ मागे खेचत असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं हे दुखणं पूर्ण जात नाही, पण बरंच कमी करता येतं.

पॅडॉकच्या गवतातून येताना टायरला माती आणि खडी चिकटते. रांगेत उभे असताना पुढचे दोन्ही टायर खरखरीत फडक्यानं किंवा हातानं पुसा. यानं मिळणारी पकड फुकटची आहे आणि निम्मे नवखे ती सोडून देतात. सुरुवातीच्या रेषेवर मार्शल मागच्या चाकामागे लाकडी ओंडका लावतात. गाडी त्यावर हलकेच टेकू द्या आणि हँडब्रेक पूर्ण सोडा. हँडब्रेक अर्धवट ओढलेला ठेवून निघणं ही जुनी सवय मोडायला हवी.

हिरवा दिवा लागला की लगेच उडी मारायची नसते. घड्याळ दिव्यावर नाही, तुमच्या पट्टीनं किरण तोडल्यावर सुरू होतं. एक श्वास घ्या, आरपीएम स्थिर करा. तुमच्या फिएस्टासाठी ३००० पासून सुरुवात करा. क्लच जिथे पकडायला लागतो तिथपर्यंत चटकन आणा, क्षणभर तिथेच धरा आणि पुढचा भाग ॲक्सिलरेटर हळू वाढवत सोडा. चाक किंचित घसरलं तर चालतं. पण इंजिन ओरडतं आहे आणि गाडी निघत नाही, असं झालं तर आरपीएम ५०० नं कमी करून पुढच्या फेरीत पाहा. रेषेवर उभं राहून क्लच घासत ठेवू नका. दोन-तीन फेऱ्यांत जळका वास येईल आणि पुढच्या महिन्यात नवा क्लच.

निकालाच्या कागदावर पहिल्या ६४ फुटांची वेळ वेगळी दिलेली असते. ती रोज वहीत लिहा. रस्त्यावरच्या गाडीची ही वेळ अडीच ते तीन सेकंदांत येते. तिथे वाचवलेला दोन दशांश सेकंद वर पोचेपर्यंत तुमच्याबरोबर राहतो, आणि तो वाचवायला इंजिनची ताकद वाढवावी लागत नाही.

आता हवा. ट्रॅक-डेला वीस मिनिटांत टायर तापून दाब सहा-आठ पीएसआयनं वाढतो, म्हणून तिथे थंड टायरमध्ये हवा कमी भरतात. इथे एका फेरीत दाब एक-दोननंच वाढतो. ट्रॅक-डेचा कमी आकडा इथे ठेवला तर टायर कडेवर लोळतो. दारावर लिहिलेल्या दाबापासून सुरुवात करा. टायरच्या खांद्यावर (कडेच्या गोलसर भागावर) खडूनं तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढा. फेरीनंतर खडू खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणाच्या खुणेपर्यंत पुसला गेला असेल, तर दाब बरोबर आहे. त्याखालीही पुसला गेला असेल तर दोन पीएसआय वाढवा. खुणेच्या वरच राहिला असेल तर दोननं कमी करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

ब्रेकचं उत्तर सोपं आहे : ते पॅड काढून टाका. रेसिंग पॅडचं मिश्रण काही शे अंश तापल्यावरच पकडतं. पॅडॉकमध्ये अर्धा तास उभी असलेली गाडी पहिल्या वळणाला पोचते तेव्हा डिस्क जवळजवळ थंडच असते, आणि अशा थंड डिस्कवर साधा कंपनीचा पॅड त्यापेक्षा चांगला थांबवतो. रस्त्यासाठीचे थोडे वरच्या दर्जाचे पॅड घाला आणि ते नीट बसवून घ्या : मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते १० मैल असे आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. ब्रेक फ्लुइड मात्र ताजं हवं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. चढावर एवढी उष्णता क्वचितच होते. गुडवुडच्या स्प्रिंटमध्ये मात्र होऊ शकते, आणि तेव्हा पेडल सरळ खाली जातं. दर वसंतात फ्लुइड बदला.

टायरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटांत मोटरस्पोर्ट यूकेच्या याद्यांमधलेच टायर चालतात. १ए यादीत नेहमीचे रस्त्याचे टायर, १बी यादीत टोयो आर८८८आर सारखे ट्रॅककडे झुकणारे. पहिल्या वर्षी १ए वर राहा. ते घसरण्याआधी आवाज करून सांगतात आणि ओल्यात सांभाळून घेतात. कोणत्या गटात कोणती यादी चालते, हे नियमपत्रिकेत बघितल्याशिवाय टायर विकत घेऊ नका.

प्रश्न : नवऱ्याची गाडी मीही त्याच दिवशी चालवू शकते का?
(बर्मिंगहॅम)

हो ताई, अगदी सर्रास चालतं. दोघांचे वेगळे अर्ज, वेगळी लायसन्सं आणि वेगळे क्रमांक. अर्जात गाडी दोघांची असल्याचं लिहा, म्हणजे आयोजक फेऱ्यांमध्ये अंतर ठेवतात. चुंबकाचे क्रमांक घ्या, बदलायला सोपे जातात. सीट दोघांसाठी कुठे असावी, ती जागा रुळावर टेपनं आधीच खुणा करून ठेवा. फेरीनंतर घाईत सीटचा खटका नीट न बसणं, ही इथली खरी भीती आहे. सीट सरकवल्यावर मागे-पुढे जोर लावून बघायचंच. दुसऱ्यांदा चालवणाऱ्याला टायर थोडे तापलेले मिळतात, म्हणून दाब पुन्हा मोजून घ्या.

प्रश्न : माझा फुली कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा आहे. स्पर्धेत गाडी आपटली तर भरपाई मिळेल ना?
(रेडिंग)

नाही, असंच धरून चाला. रस्त्याच्या विम्यात स्पर्धा आणि वेगाच्या चाचण्या बहुतेक नेहमी वगळलेल्या असतात. स्पर्धेच्या परवान्याबरोबर आयोजकांचं त्रयस्थांच्या नुकसानाचं संरक्षण असतं, पण तुमच्या गाडीचं नुकसान तुमच्या खिशातून. स्पर्धेसाठी वेगळा विमा मिळतो, पण त्यात पहिले बरेच पौंड तुम्हीच सोसायचे असतात. साधा नियम : जी गाडी मोडली तर सोमवारी कामाला जायची पंचाईत होईल किंवा जिचा हप्ता चालू आहे, ती चढावर नेऊ नका. गाडीत फेरबदल करणार असाल तर विमा कंपनीला आधी कळवा. न कळवल्यास येता-जातानाच्या रस्त्यावरचा विमाही धोक्यात येतो.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा आहे. आमच्याकडे घाटांची कमी नाही. मित्र पहाटे ताम्हिणीत फोनवर वेळ लावून चालवतात. भारतात रीतसर हिलक्लाइंब होतं का?
(पुणे)

ताम्हिणीत वेळ लावणं आजच थांबवा, आणि मित्रांनाही थांबवा. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण कायद्याआधी दुसरी गोष्ट बघा. शेल्सलीच्या चढावर दर वळणाला झेंडे घेतलेले मार्शल असतात, समोरून काही येणार नाही याची खात्री असते आणि रुग्णवाहिका उभी असते. तुमच्या वळणापलीकडे दुधाची गाडी असू शकते, गुरं असू शकतात, भावाच्या मागे बसून कॉलेजला निघालेली मुलगी असू शकते.

ब्रिटनसारखं डांबरी चढांचं वर्षभराचं वेळापत्रक आपल्याकडे नाही. पण एकट्या गाडीनं घड्याळाशी खेळायची संधी आहे. देशातल्या मोटरस्पर्धांचं नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) करते आणि स्पर्धक-लायसन्सही तीच देते. तिच्या मान्यतेनं होणाऱ्या ऑटोक्रॉस आणि रॅली-स्प्रिंट स्पर्धा बघा. ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर कोन (प्लॅस्टिकचे शंकू) लावून रस्ता आखलेला असतो. वेग कमी, वळणं भरपूर, चूक झाली तर कोन पडतो आणि दंडाचे सेकंद मिळतात. गाडीवर ताबा शिकायला याहून चांगली शाळा नाही. सरळ रेषेतली सुरुवात शिकायची असेल, तर लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग स्पर्धा भरत आलेली आहे. प्रवेश घेण्याआधी त्या स्पर्धेला एफएमएससीआयचा परवाना आहे का, हे आयोजकांकडे मागून बघा. परवाना दाखवत नसतील तर पैसे भरू नका.

घरची स्विफ्ट किंवा पोलो पुरेशी आहे. वर कॉव्हेंट्रीच्या वाचकाला दिलेली तपासणी तुमच्या गाडीलाही तशीच लागू पडते, फक्त काळी पट्टी सोडून. मातीवरच्या ऑटोक्रॉसला जाताना आणखी दोन गोष्टी करा : इंजिनखाली सम्प-गार्ड (दगडांपासून वाचवणारा पत्रा) बसवा आणि परतल्यावर एअर फिल्टर काढून झटका. पहिल्या दिवसानंतर त्यात मूठभर धूळ निघते.